घाईचं नसलेलं

त्या दिवशी कार्यालयापुढे एक गंभीर प्रश्न होता: कामात मग्न असलेल्या माणसाच्या टेबलावर लावायचं निशाण लाल असावं की जांभळं. व्यत्ययांमुळे कामं खोळंबतात, हे सिद्ध करण्यासाठी सगळी कामं थांबवून बैठक भरली होती.

तेवढ्यात बैठकीतल्या एकीला तिच्या वडिलांचा फोन आला.

"अगं, चहाची गाळणी कुठे ठेवलीस?"

"बाबा, मी कामात आहे हो."

"बरं बरं, चालू दे तुझं. मी फडक्यानं गाळतो."

साहेबांनी नुसतं पाहिलं. तिनं फोन पालथा घातला आणि जांभळ्याच्या बाजूनं मत दिलं.

नुसत्या निशाणानं भागणार नाही, असंही बैठकीत ठरलं. दुसऱ्या दिवशी एकाग्रता अधिकारी नेमला गेला आणि सगळ्यांचे फोन त्याच्या कपाटात गेले. माणूस कर्तव्यदक्ष. दर थोड्या वेळानं प्रत्येक टेबलाशी येऊन विचारायचा, "कुणी त्रास देत नाही ना?" कुणी मान वर केली नाही, तर समजावायचा, "एका वेळी एकच काम करा. आधी मला उत्तर द्या." बाहेरचे फोन तोच घ्यायचा. तातडीचे तेवढे आत सोडायचा. बाकीचे निरोप संध्याकाळी, फोन परत देताना.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्यानं तिला फोन दिला आणि निरोपही.

"शेजारच्या काकूंचा फोन होता. तुमचे वडील गेले. सकाळीच."

"सकाळी? आणि मला आत्ता सांगताय?"

"मॅडम, मी नियमाप्रमाणे विचारलं, घाईचं आहे का? त्या म्हणाल्या, आता कसली घाई, गेले ते." त्यानं आवाज मऊ केला. "तुमचा दिवस मात्र अगदी अखंड गेला बघा. अख्ख्या विभागात तुम्हीच पहिल्या."

ती कामावर परतली, तेव्हा टेबलावर जांभळं निशाण फडकत होतं. एका वेळी एकच काम हे धोरण असूनही शोकसभा आणि तिचा सत्कार एकाच बैठकीत उरकायचं ठरलं होतं. साहेब म्हणाले, "दोन शब्द बोला."

ती उभी राहिली. कपाटात कुणाचा तरी फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. जो तो, हे वाचणारासुद्धा, तो फोन दुसऱ्याचाच असणार असं धरून बसला.

"बाबा," ती कपाटाकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "गाळणी खिडकीतल्या डब्यामागे आहे. आणि मी कामात नव्हते हो. रंग ठरवत होते."