टाक म्हणलास, थांब कुठं म्हणलास?

आमच्या बसवराजला चहात साखर टाकायला सांगितली आणि मी आंघोळीला गेलो. परत येतो तर काय, अख्खा डबा पातेल्यात रिकामा!

"अरे बाबा, हे काय?"

"टाक म्हणलास. थांब कुठं म्हणलास?" साहेब एकदम शांत. तो पाक आम्ही पुढं पावात बुडवून संपवला.

हा माझा रूममेट, उदगीरचा. नांदेडला एकाच कॉलेजात आम्ही कॉम्प्युटर शिकतो. तसा शहाणा होता हो, पण असेम्ब्ली लँग्वेज हा विषय आला आणि बिघडला. त्या भाषेत मशीनला नुसतं 'बेरीज कर' म्हणून भागत नाही. हा आकडा उचल, इथं ठेव, त्यात दुसरा मिळव, आता थांब, असं सगळं एकेक करून सांगायचं. थांब म्हणायचं राहिलं की मशीन भरकटलंच. सगळा वर्ग या विषयाच्या नावानं बोटं मोडायचा. हा मात्र हरखलेला. "मशीनला काय बी कळत नसतंय गड्या. चिडायचं न्हाई, बारीक करून सांगायचं."

मेसमध्येही तेच. "मावशी, भाकरी उचला. ताटात ठेवा. आता पिठलं." एक दिवस मावशी कावल्याच. "तुझ्या बापानं असंच जेवू घातलं का रे तुला?"

बसवराज ताट धुवायला उठला. खोलीवर आल्यावर म्हणाला, "आप्पाला लकवा मारलाय. उजवा हात ऐकत न्हाई. डाव्या हातानं प्यायचं न्हाई, दुसऱ्यानं पाजलेला चहा नको म्हणतेत. चहाच सोडलाय त्यांनी. लई जीव होता रे चहावर."

त्या शनिवारी मीही त्याच्यासोबत उदगीरला गेलो. जन्मभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचललेले आप्पा बाजेवर बसले होते, हात मांडीवर पडलेला.

बसवराजनं कोमट चहाचा अर्धा कप पुढं ठेवला. "आप्पा, हात पुढं. बोटं उघडा. कपाचा कान धरा. उचला."

कप कलला, चहा धोतरावर. आप्पांनी तोंड फिरवलं.

"तुमचं न्हाई चुकलं, आप्पा. मीच एक सांगायचं विसरलो." पठ्ठ्यानं कप पुन्हा भरला. "बोटं उघडा. धरा. आता घट्ट आवळा. हां. उचला."

कप थरथरत वर गेला, ओठांना लागला. आप्पांनी असा फुर्रकन घोट घेतला की मला हसूच आलं. कप रिकामा झाला, तरी तो तसाच हवेत धरून ते लेकाकडं बघत राहिले, पुढचं काय म्हणून.

लेक कुठला सांगतोय! भिंतीकडं तोंड करून बाहीनं डोळे पुसत होता.

मग मीच म्हणालो, "आप्पा, आता खाली ठेवा."