सोनेरी तारेची व श्रीमंतांच्या कानांची हकीकत

श्रीनादरूप प्रसन्न. आधी गाणारास नमन, मग ऐकणारास नमन, आणि ऐकू न येताही मान डोलावणारास सर्वांमागोन, परंतु नमन त्यासही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्षमासी सोनेरी तारेचे प्रकरण उद्भवले, त्याची हकीकत जैसी जाहली तैसी लिहिली असे. संवत्सर क्रोधी, परंतु प्रकरण हसण्यावारी गेले, ही श्रींची कृपा. राज्याचे नाव लिहिणे नलगे.

राज्याचे धनी श्रीमंत हैबतराव. नाव हैबतराव परंतु स्वभाव निखालस लोण्याचा, आणि शौक एकच, गाण्याचा. वय सत्तरीस लागले तरी रोज सकाळी स्नानसंध्या उरकोन नादमहाली बसावे आणि दोन घटका गाणे ऐकावे, मग कारभार, ऐसा नेम. नादमहालाची रचना ऐसी कीं, गाणी साठविलेले यंत्र एका दालनी, गाणे उकलोन मोठे करणारी पेटी व पुरुषभर उंचीचे स्पीकर दुसऱ्या दालनी, आणि दोहोंमध्ये भिंतीतून गेलेली डिजिटल केबल, तीस दरबारी बोलीत तार म्हणत. तारांचा कारभार तारखान्याकडे, आणि तारखान्याच्या दरोगा मैनाबाई लोहोकरे. बाई सव्वीस वर्षे चाकरीत. चष्मा दोरीने गळ्यात बांधिलेला, बोलणे थोडे, परंतु बोलल्या तर खिळा ठोकिल्याप्रमाणे.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस श्रीमंतांनी बाईंस बोलावू पाठविले आणि उदास मुद्रेने बोलिले, "मैनाबाई, गाण्यातले तेज गेले. तंबोरा पूर्वी कैसा झणकारत असे, आता नुसता घुमतो. तुमची तार म्हातारी जाहली." बाईंनी तार या टोकापासोन त्या टोकापर्यंत तपासिली, टोके पुसोन पुन्हा बसविली, आणि अर्ज केला कीं, "सरकार, तार शाबूत आहे." परंतु श्रीमंतांची मर्जी प्रसन्न जाहली नाही, आणि बाईंच्या मनास ते लागोन राहिले.

तोच आठवड्याभरात मोरोशेटी गुळवे नामे तारांचे व्यापारी दरबारी दाखल जाहले. मनुष्य गोड, टवटवीत, पागोटे नीट बांधिलेले. त्यांनी चंदनी पेटी उघडिली, आत मखमल, मखमलीवर तार. पोटात शुद्ध रुपे, वरती रेशमी वीण, दोहों टोकांस सोन्याचा मुलामा, आणि अंगावर बाण रेखिलेला. शेट बोलिले, "श्रीमंत, गाणे या बाणाच्या दिशेने वाहते. साध्या तारेत सूर ठेचकाळत येतो, हीत पालखीत बसोन येतो." मग तार लाविली, आणि गाणे सुरू होते न होते तोच दिवाण गोविंदपंत आठल्ये यांनी डोळे मिटोन मान डोलाविली आणि बोलिले, "वाहवा! गवई जणू मांडीशी मांडी लावोन बसला!" श्रीमंतही हरखले आणि बोलिले, "तेज आले, दिवाणजी. आले!" मग शेटीस शालजोडी दिली आणि मैनाबाईंकडे कोणी पाहिले नाही.

परंतु आठ दिवस गेले आणि श्रीमंत पुन्हा बोलू लागले कीं, तंबोरा घुमतो, झणकारत नाही. तेव्हां मोरोशेटी बोलिले, "एकल्या तारेने काय होणार? अवघ्या महालाच्या तारा बदलाव्या, विजेच्याही बदलाव्या, आणि तारखाना जुन्या हातांतून काढोन आमचे हवाली करावा. मोबदल्यास आमराईचे तीन हंगाम द्यावे." दिवाणांनी हो म्हटले, कारण दिवाणांनी आजवर कशासही नाही म्हटले नव्हते. आणि श्रीमंतांनी जड मनाने हुकूम फर्माविला कीं, पौष शुद्ध प्रतिपदेस तारखाना मोरोशेटीस द्यावा, मैनाबाईंनी विश्रांती घ्यावी.

हुकूम ऐकोन बाई घरी आल्या आणि जेवल्या नाहीत. विश्रांती हा शब्द त्यांस शिवीहून झोंबला. परंतु बाई न्यायी होत्या. मनात म्हणाल्या, आपण रागे भरोन शेटीस लबाड म्हणावे आणि तार खरोखरीच गोड असावी, तर मग? मग दुसरे दिवशी दिवाणांची परवानगी काढोन सोनेरी तार घरी आणिली आणि आपल्या लहान यंत्रास जोडिली. आणि नवल ऐसे कीं, त्यांसही गाणे गोड लागले! सूर मोकळे, शब्द स्वच्छ. बाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या नणंद कोंडूबाई पडवीत मटार सोलीत होत्या, त्यांनी विचारिले, "काय हो वहिनी, तोंड का उतरले?" बाई म्हणाल्या, "वन्सं, उठा. मी पाठ करोन बसते. तुम्ही वाटेल ती तार लावा, मला सांगू नका. मी ओळखते." कोंडूबाई कुरकुरत उठल्या आणि तारा फिरवू लागल्या. आणि बाई बोलल्या "ही सोनेरी", तो ती साधी निघाली. बोलल्या "ही साधी", तो साधीच निघाली. मग दोनदा चुकल्या, मग एकदा बरोबर आल्या. ऐसे कितीक वेळ चालले, मटार सोलायचे तसेच राहिले, आणि गोडवा कोठे विरोन गेला तो बाईंस कळला नाही. कोंडूबाई म्हणाल्या, "मला तर दोन्हींतून गाणेच ऐकू येते बाई. तुम्हांस आणखी काय ऐकू यायला हवे होते?" तेव्हां बाई हसल्या आणि पोटभर जेवल्या.

परंतु जेवता जेवता त्यांचा घास हाती राहिला. त्यांस आठवले कीं, नवरात्राचे बैठकीत खरी गायिका समोर बसली असता, खरा तंबोरा छेडिला असता, श्रीमंतांनी गाणे थांबवोन म्हटले होते, "याची जवारी बसली आहे, नीट करा." तंबोऱ्याचा झणकार ज्यातोन उठतो ती जवारी. ती कारागिराने तीनदा घासोन नीट केली आणि तिन्ही वेळा श्रीमंतांनी मान हलविली. तेथे तर यंत्र नव्हते, भिंतीत केबल नव्हती. मग तेज गेले कोठे, हे बाईंस कळले, आणि कळोन वाईट वाटले. धन्यास म्हातारपण कसे सांगावे? एकवेळ चाकरी गेलेली परवडली.

मार्गशीर्ष वद्य नवमीस बाईंनी भर दरबारी अर्ज केला. "सरकार, तारखाना द्यावयाचा तर द्यावा, पण आधी पडद्याआड परीक्षा व्हावी. तार कोणती लाविली हे ऐकणारास दिसू नये, आणि लावणारानेही मनाने लावू नये, कवडी उताणी पडली तर सोनेरी, पालथी पडली तर साधी. ऐसे वीस वेळा." दिवाण बोलिले, "कानांनी ऐकलेल्याची परीक्षा कशास?" परंतु मोरोशेटी पुढे आले आणि छाती ठोकोन बोलिले, "होऊ द्या! मी चाळीस वर्षे तारा ऐकल्या आहेत." तेव्हां श्रीमंतांनी विचारिले, "बाई, तुमचे म्हणणे तरी काय?" बाई बोलल्या, "सरकार, या तारेतून सूर जात नाही, सुराचे आकडे जातात. एक आणि शून्य, बस. तार फार लांब असली, मोडकी असली, उंदराने खाल्ली, तर आकडे गळतात आणि गाणे तुटते, ते कोणासही कळते. पण पोचला तो आकडा पोचला. वाटेत तो गोड होत नाही."

मग पडदा बांधिला, आणि सकाळपासोन भोजनाची वेळ टळे तोवर परीक्षा चालली. आधी दिवाण बसले. प्रत्येक वेळी वाहवा म्हणाले, आणि विसांत आठ बरोबर आले. मग खासा श्रीमंत बसले, विसांत दहा. मग मोरोशेटी बसले. पागोटे काढोन ठेविले, डोळे मिटिले, कपाळी घाम आला, आणि विसांत अकरा. बाई बोलल्या, "नुसती कवडी फेकोन उत्तर दिले असते तरी इतकेच आले असते." दरबारी हशा उसळला. परंतु मोरोशेटी हसले नाहीत, रडलेही नाहीत, तार हाती घेवोन बघत राहिले आणि हळूच बोलिले, "मी फसवीत नव्हतो हो. मला खरेच ऐकू येत होते. रोज ऐकू येत होते." ते पाहोन मैनाबाईंचा राग गेला. त्या म्हणाल्या, "शेट, मलाही आले होते. मी घरी पाठ केली तेव्हां गेले." शेटीने चमकोन वर पाहिले, आणि तेव्हांपासोन दोघांचे वैर संपले.

परंतु श्रीमंत गादीवरोन उठले आणि व्याकुळ होवोन बोलिले, "तार तीही बरी आणि हीही बरी. मग माझा झणकार कोठे आहे? कोणी नेला?" दिवाण म्हणाले हवा दमट, कोणी म्हणाले स्पीकर, कोणी म्हणाले ग्रहमान. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी कोपऱ्यातला तंबोरा मागविला, आपण खाली बसल्या आणि चारी तारा सावकाश छेडिल्या. मग विचारिले, "सरकार, कैसा वाजतो?" श्रीमंत बोलिले, "घुमतो. जवारी बसली." बाईंनी दरबाराकडे वळोन विचारिले, "आणि तुम्हांस?" सारे दिवाणांकडे पाहू लागले. शेवटी मोरोशेटीच बोलिले, "माझ्या जन्मात ऐसा झणकारता तंबोरा ऐकिला नाही." श्रीमंतांनी तंबोऱ्याकडे पाहिले, मग बाईंकडे पाहिले, आणि आपला हात उचलोन उजव्या कानास लाविला. बाई खाली मान घालोन बोलल्या, "सरकार, वयोमानाने बारीक सूर आधी जातात. त्याची लाज कसली? जेथे चष्मा डोळ्यांस चालतो, तेथे कानांस यंत्र का चालू नये?" श्रीमंत मग खो खो हसू लागले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. बोलिले, "अरे, महालाच्या तारा उपटावयास निघालो होतो, तीन हंगाम आमराई देत होतो, आणि अपराधी माझ्याच डोक्यास दोहों बाजूंनी लटकला होता! मैनाबाई, हे तुम्ही आधी का सांगितले नाही?" बाई बोलल्या, "धीर होत नव्हता, सरकार." श्रीमंत बोलिले, "आणि विश्रांती घ्या म्हणोन मी सांगितले, तो धीर मला कैसा जाहला कोण जाणे. हुकूम रद्द."

मग शहरातोन कर्णवैद्य बाई आल्या आणि त्यांनी श्रीमंतांस बंद खोलीत बसवोन बारीक मोठे सूर ऐकविले, कागदावर रेघ काढिली, आणि रेघ डोंगर उतरावा तैसी उतरत गेलेली दाखविली. मग वालाच्या दाण्याएवढी दोन यंत्रे कानी बसविली. श्रीमंतांस आधी आपल्याच अंगरख्याची सळसळ ऐकू आली आणि ते दचकले. मग कबुतरांचे पंख ऐकिले. मग बाईंनी तंबोरा छेडिला, आणि श्रीमंत लहान मुलाप्रमाणे ओठ दाबोन बसले, मग एवढेच बोलिले, "आला. अजोन छेडा." ऐसे घटकाभर छेडणे चालले आणि कोणी कारभाराचे नाव काढिले नाही.

पौष शुद्ध प्रतिपदेस दरबार भरला. श्रीमंत गादीवर, दिवाण लांब खांबापाशी, आणि दिवाणांनी शेजारच्या कारकुनाचे कानी रिवाजाप्रमाणे पुटपुटिले, "आज काही लवकर सुटका नाही, धनी आता तंबोऱ्याचेच पुराण लावतील." तोच गादीवरोन आवाज आला, "लावणारच, दिवाणजी, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसावे." दिवाण पांढरे फटफटीत जाहले, आणि साऱ्या दरबारी एकच विचार पसरला कीं, गेल्या दहा वर्षांत आपण येथे काय काय पुटपुटिलो! श्रीमंत मात्र हसत होते, आणि मैनाबाईंनी पदर तोंडास लाविला होता.

तात्पर्य, तारखाना मैनाबाईंकडेच राहिला. मोरोशेटी त्यांचे हाताखाली खुशीने चाकरीस राहिले आणि खरोखर तुटक्या तारा जोडण्यात वस्ताद जाहले. दरबारी पुटपुटणे बंद पडोन कारभार दुपारीच आटपू लागला. सोनेरी तार कोणी फेकिली नाही, ती वाईट कोठे होती? भिंतीत दोहोंपैकी एक आहे आणि गाणे उत्तम चालते. कोणती आहे, हे भिंत उघडिल्यावाचोन कोणास सांगता येत नाही, आणि भिंत उघडावी ऐसे कोणास वाटतही नाही. इति लेखनसीमा.