डिकीतलं आइस्क्रीम

चमचा वाकला तेव्हा मास्तरांनी एकदा चमच्याकडे पाहिलं आणि एकदा मुलीकडे. मुलगी टेबलाच्या पलीकडे दोन्ही मुठींवर हनुवटी टेकून बसली होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. दोघांच्या मधे फ्रीजरमधून काढलेला डबा होता. काल मास्तरांनी त्यात दूध, साय, साखर आणि व्हॅनिला मोठ्या प्रेमाने ओतलं होतं. आज त्याचा असा काही दगड झाला होता की वरून गाडी गेली असती तरी ओरखडा उठला नसता.

"हातोडी देऊ का?" बायकोने ओट्यापाशी उभ्या उभ्याच विचारलं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत. थरथरत्या माणसांच्या शेजारी बसून "जमतंय, जमतंय" म्हणण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि ते म्हणायची इतकी सवय झाली होती की घरीही ते सगळ्याला "होईल, होईल" म्हणून मोकळे होत. बायकोने त्यांच्या शब्दावर केव्हाच पाणी सोडलं होतं. मुलगी मात्र अजून विश्वास ठेवत होती, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

या मुलीला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी डोळे उघडले की सुरू, रात्री डोळे मिटले की बंद, मधे एक विश्रांती नाही. टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी तिला आत न्यायला आले तेव्हा ती हॉस्पिटलच्या खाटेचा दांडा धरून बसली आणि काही केल्या सोडेना. मास्तरांनी सवयीने वेळ मारून नेली. घसा बरा झाला की मी स्वतःच्या हाताने आइस्क्रीम करून घालीन, असं ते म्हणाले. दुकानातलं नाही ना, असं रेडिओने विचारलं. नाही. शप्पथ? शप्पथ. तिने दांडा सोडला.

आणि ती घरी आल्यावर मास्तरांनी दुकानातून एक मोठा डबा आणला. रेडिओने झाकणावरचा सगळा छापील मजकूर शांतपणे वाचून काढला, डबा आईच्या हातात दिला आणि तोंडाला कुलूप लावलं.

आधी त्यांना वाटलं, घसा दुखत असेल. म्हणून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं. घसा अगदी छान भरून आलाय, बोलायला काहीच हरकत नाही, असं ते म्हणाले. रेडिओने तोंड मिटलं आणि ती स्टुलावरून खाली उतरली. दाराशी डॉक्टरांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हे दुखणं आपल्याकडचं नाही, असं हळूच सांगितलं.

तेव्हापासून घर खायला उठलं होतं. एके काळी हेच मास्तर कामावरून आल्यावर हात जोडून म्हणत, बाई गं, पाच मिनिटं गप्प बस. आता त्यांना फ्रीजची घरघर ऐकू येई, मोरीतल्या नळाचं ठिबकणं ऐकू येई आणि जेवताना आपल्याच दातांचा आवाज ऐकू येई. मुलीचा आवाज परत ऐकायला मिळाला तर आपण काहीही करू, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

"असं नुसतं गोठवून होत नाही ते," बायको म्हणाली. "माझी मावशी करायची. मोठ्या डब्यात बर्फ आणि जाडं मीठ घालायचं, त्यात छोटा डबा बसवायचा, आणि सारखं हलवत राहायचं. थांबलात की संपलं."

एवढं सांगून ती औषधांच्या दुकानात आपल्या कामावर निघून गेली. रेडिओला शाळेला अजून सुट्टीच होती. मास्तरांनी बर्फ आणला, फोडला, त्यात मीठ घातलं, नव्याने दूध-साय केली, छोट्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं, मोठ्या डब्याला दोरी बांधली आणि तो छातीशी धरून गदागदा हलवायला सुरुवात केली. रेडिओ समोर बसून पाहत होती. जरा वेळाने त्यांचे खांदे भरून आले. आणखी जरा वेळाने ते हलवतायत की डबा त्यांना हलवतोय, हे सांगता येईना. त्यांनी झाकण उघडलं. आत दूध होतं. गार होतं, पण दूधच.

इतक्यात घड्याळाकडे लक्ष गेलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शिकवणीची वेळ झाली होती. शिकणाऱ्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई, आणि उद्या त्यांची लायसन्सची परीक्षा होती. आज दांडी मारून चालणार नव्हतं.

पण डॉक्टरीणबाईंचं नाव डोक्यात आलं आणि मास्तर उठता उठता थबकले. या बाईंच्या हातचा जबडा हलत नसे, पण त्यांच्या हातची गाडी मात्र बेडकासारखी उड्या मारी. क्लच त्या असा सोडत की मास्तरांची मान पुढे जाऊन मागे येई. घरी आल्यावर बायको त्यांच्या मानेला बाम चोळून देत असे. डबा सारखा हलवायला यापेक्षा चांगलं यंत्र शहरात शोधून सापडलं नसतं.

त्यांनी डबा जुन्या रजईत गुंडाळून डिकीत आडवा ठेवला, रेडिओला मागच्या सीटवर बसवलं आणि ते शीळ वाजवत निघाले.

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी रेडिओच्या गालाला हात लावला, घसा कसा आहे विचारलं, उत्तर आलं नाही तरी राग मानला नाही. मग स्टिअरिंगपाशी बसल्या, पट्टा लावला, आरसा नीट केला, गिअर टाकला आणि गाडी अशी निघाली की मास्तरांना ती निघाल्याचं खिडकीतून बाहेर बघितल्यावर कळलं.

"काय झालं?" मास्तर म्हणाले.

"काही नाही," डॉक्टरीणबाई लाजून म्हणाल्या. "घरी उशीवर पाय ठेवून क्लच सोडायची प्रॅक्टिस केली. पेशंट नसले की खुर्चीत बसूनसुद्धा. जमतंय ना?"

एरवी मास्तरांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. किती दिवस त्यांनी या बाईंच्या पायाशी डोकं फोडलं होतं, आणि आज तो पाय लोण्यातून सुरी फिरावी तसा चालत होता. पण त्यांचे कान डिकीकडे होते, आणि डिकीतून खुट्ट असा आवाजही येत नव्हता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आता गोदामांच्या मागच्या रस्त्याने घ्या."

त्या रस्त्यावर असे खड्डे होते की ट्रकवाले तिकडून जाताना देवाचं नाव घेत. पण गाडी वळली आणि समोर काळाकुळकुळीत, गुळगुळीत, नवाकोरा डांबरी रस्ता पसरला होता. इतकी वर्षं ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडत होते, तो रस्ता नेमका याच आठवड्यात झाला होता. डॉक्टरीणबाईंनी खूश होऊन तिसरा गिअर टाकला.

मग मास्तरांनी त्यांना शाळेच्या गल्लीत नेलं. तिथे गतिरोधकांची रांग होती. पण प्रत्येक गतिरोधकापाशी बाई वेग कमी करत, गिअर उतरवत आणि पुढची चाकं, मग मागची चाकं अशी अलगद पार करत की कुशीत झोपलेलं मूल जागं होऊ नये. हे सगळं मास्तरांनीच शिकवलेलं होतं. शेवटी न राहवून ते म्हणाले, एवढं हळू नका घेऊ, सरळ जाऊ द्या. बाईंनी चमकून पाहिलं.

"पण तुम्हीच सांगितलंत ना, गतिरोधक आला की श्वास रोखल्यासारखं जायचं?"

डिकीत बर्फ वितळत होता. मागच्या सीटवरून रेडिओ आरशात त्यांच्याकडे पाहत होती, आणि ती नजर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. दुकानातल्या डब्याचं झाकण वाचल्यावर तिने असंच पाहिलं होतं. मास्तरांना वाटलं, आज जर हा डबा दुधाचाच राहिला, तर ही मुलगी आपल्या शब्दावर पुन्हा कधीच दांडा सोडायची नाही.

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याची चूक झाली तर जीव वाचवायला ते असतात. इतक्या वर्षांत मास्तरांनी त्यांचा दुसरा उपयोग कधी केला नव्हता. ते गाडी मोकळ्या मैदानावर घेऊन गेले, थांबणं आणि निघणं याचा सराव करू म्हणाले, आणि बाईंनी क्लच हळूच सोडला तेव्हा आपला दाबून धरला. मग एकदम पाय काढून घेतला.

गाडीने जी काही उडी मारली, ती बाईंच्या चांगल्या दिवसांत मारायची तशीच होती. इंजिन बंद पडलं. डिकीत डबा गडगडत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. मास्तरांना तो आवाज फार गोड वाटला.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "पुन्हा करते."

पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. कधी क्लच, कधी मधेच ब्रेक, असा मास्तरांचा पाय अगदी रंगात आला. गाडी मैदानभर उचक्या देत फिरू लागली. प्रत्येक उचकीला बाईंचा चेहरा आणखी उतरत होता आणि प्रत्येक उचकीला मास्तर मनात म्हणत होते, आता बर्फ सगळीकडून लागत असेल, आता कडेने धरत असेल. शेजारी काय चाललंय, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला नाही जमायचं हे, मास्तर," त्या म्हणाल्या. "सकाळपासून जमत होतं, आणि आता पाय माझं ऐकतच नाहीये. उद्या मी जात नाही परीक्षेला. काय चुकतंय तेच कळत नाही हो मला."

मास्तरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधीच मागून आवाज आला. थोडा घोगरा, पण खणखणीत.

"तुमचं काही चुकत नाहीये, डॉक्टरमावशी. बाबा पाय मारतायत."

मास्तर गर्रकन मागे वळले. आपण पकडले गेलो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"बोललीस," ते म्हणाले. "अगं, बोललीस तू."

रेडिओने तोंडावर हात ठेवला. मग हाताच्या आडून म्हणाली, "हे धरायचं नाही." आणि पुन्हा गप्प बसली.

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले, वाकून मास्तरांच्या पायांकडे पाहिलं, पायाखालच्या पेडलांकडे पाहिलं आणि मग सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे. दाढ काढण्याआधी त्या अशाच पाहत असाव्यात. मास्तरांनी मान खाली घालून पहिल्यापासून सगळं सांगितलं. खाट, शप्पथ, दुकानातला डबा, फ्रीजरमधला दगड, काही लपवलं नाही. आपण फार वाईट केलं, असंही ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

बाई म्हणाल्या, "दिवसभर मी लोकांना सांगते की आइस्क्रीम खाऊ नका. आणि ते मी चालवतेय त्याच गाडीच्या डिकीत चाललंय."

"माफ करा."

"आधी सांगायचं होतंत ना. दिले असते की धक्के. धरा घट्ट."

त्यांनी दात आवळले आणि क्लच धाडकन सोडायचा म्हणून सोडला. गाडी अलगद निघाली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. गाडी आणखीच अलगद निघाली. पायाला आता वाईट चालवताच येत नव्हतं. हे लक्षात आलं तशा त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी मैदानाला सुरेख फेरी मारून गाडी कडेला लावली.

डिकी उघडली तर रजई चिंब झाली होती. मास्तरांनी डब्याचं झाकण काढलं. आत कडेकडेने जाड पांढरा थर धरला होता, मधे मऊ लगदा होता, आणि एका बाजूने मिठाचं पाणी शिरल्याच्या खुणा होत्या. चमचा कोणाकडेच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या काढल्या आणि एकेकाला एकेक दिली.

पहिला घास रेडिओने घेतला. तिने तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले, गिळला. मास्तर श्वास रोखून पाहत होते.

"खारट आहे," ती म्हणाली आणि पट्टी पुन्हा डब्यात घातली.

दुसऱ्या घासाला तिने सांगितलं की मधलं मधलं छान लागतंय. तिसऱ्या घासानंतर जो तोंडाचा पट्टा सुटला, तो काही थांबेना. इतक्या दिवसांचं सगळं साठून राहिलं होतं. हॉस्पिटलातल्या शेजारच्या खाटेवरचे आजोबा झोपेत कोणाला हाका मारायचे, घशाच्या डॉक्टरांच्या नाकात किती केस आहेत, फ्रीजमधला दिवा दार लावल्यावर खरंच विझतो का, सगळं. डॉक्टरीणबाई तिच्या शेजारी डिकीच्या काठावर बसून खात होत्या आणि हं हं म्हणत होत्या. मास्तरांना एकही घास मिळाला नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

बाईंना दवाखान्यात सोडून घरी येताना मात्र ते भानावर आले. ही गोष्ट घरी कळली की बायको काय म्हणेल, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकणाऱ्या बाईला रडवलं, तेही पायाखालून लबाडी करून. त्यांनी घसा साफ केला.

"हे बघ, ते पाय मारल्याचं आईला सांगायचं नाही हं."

"बरं," रेडिओ म्हणाली. मास्तर स्वतः "होईल, होईल" म्हणत तेव्हा त्यांचा जो सूर लागे, तोच तिचा लागला होता.

बायको कामावरून येऊन चपला काढत होती. जिन्यावरून येणारा आवाज ऐकून तिचा हात एका चपलेवरच थांबला. रेडिओ पायऱ्या चढता चढताच सुरू झाली होती. डबा, डिकी, नवा रस्ता, गतिरोधक, एकेक करत गाडी मैदानापर्यंत आली. बायको दाराला टेकून ऐकत होती आणि पदराने डोळे टिपत होती. मास्तर दोन पायऱ्या खाली ओली रजई छातीशी धरून उभे होते.

"पुरे गं बाई आता," बायको शेवटी म्हणाली. "घसा दुखेल. राहिलेलं उद्या सांग."

रेडिओने तोंड मिटलं. तिने वळून बाबांकडे पाहिलं. जिन्यात एकदम शांत झालं, आणि आतल्या फ्रीजची घरघर तेवढी ऐकू यायला लागली.

"सांगू दे तिला," मास्तर घाईघाईने म्हणाले. "मी पाय मारल्याचं राहिलंय अजून."