बाथरूममधली बुरशी

चित्रकार वीस मिनिटं कागद आणायला बाहेर गेला आणि तेवढ्यात रंगाऱ्याने बाथरूमची भिंत खरवडून टाकली. भिंतीवर बुरशी होती. तिच्यासमोर स्टूल टाकून चित्रकार तीन आठवडे बसत होता आणि चित्र अजून अर्धंच झालं होतं.

रंगाऱ्याला बोलावलं होतं बायकोने. "पाहुण्या येणार, त्यांना ती घाण दाखवायची का?" असं तिचं म्हणणं, आणि त्यात चूक काढता येत नव्हती.

पाहुण्या म्हणजे प्रदर्शनाच्या बाई. शेवाळ, दगडफूल, बुरशी अशी बारा चित्रं लागणार होती. बारावं आज चार वाजता पूर्ण दिसलं नाही, तर दालन दुसऱ्याला देईन, असं त्यांनी बजावलं होतं. त्यात चित्रकाराचा नेम असा, की डोळ्यांसमोर असेल तेच काढायचं. आठवणीने रेघही ओढायची नाही.

त्याने पलंगाखाली शोधलं, माळ्यावर शोधलं. शेवटी शेजारणीकडे जाऊन, तुमच्या भिंतीला बुरशी आहे का, असं अदबीने विचारलं. तिने दार लावून घेतलं. परत येऊन तो स्टुलावर डोकं धरून बसला, तेव्हा रंगाऱ्याला राहवेना.

"साहेब, तीस वर्षं हेच खरवडतोय. मला तोंडपाठ आहे," असं म्हणून त्याने काळा आणि थोडा हिरवा रंग कालवला, जुना स्पंज घेतला आणि अर्ध्या तासात होती तिथे बुरशी उठवली. ती आता डोळ्यांसमोर होती, म्हणजे नेम काही मोडत नव्हता. चित्रकार कामाला लागला.

चारला बाई आल्या. चित्र ओलं होतं, म्हणून त्यांना बाथरूममध्येच नेलं. त्या बराच वेळ एकदा चित्राकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिल्या.

"प्रदर्शन तुमचंच," त्या म्हणाल्या. "पण हे एवढं पुन्हा काढा. तुमची बुरशी रंगवलेली वाटते हो. ती भिंत बघा, खरा निसर्ग कसा असतो."

त्या गेल्यावर बायको म्हणाली, आता तरी भिंत पांढरी करा. रंगाऱ्याने ब्रश चुन्यात बुडवला, भिंतीपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"वहिनी, साहेबांचं होऊ दे आधी," तो म्हणाला. मग स्टूल ओढून चित्रकाराच्या मागे बसला. "साहेब, कडेला जरा हिरवं घ्या. नाही, एवढं नाही."

चित्रकाराने मुकाट्याने हिरवं कमी केलं.