आण्णांच्या भिंतीवरचा सूर्य

आण्णांनी सलग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मुगाच्या खिचडीवरून तोंड फिरवलं आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"दिवस बुडाला की गं. आता कुठलं जेवण?"

भिंतीवर सुनेनं, गुणमालेनं, रंगवलेलं तळं होतं. तांबूस पाणी, काठाला बाभळी, पाण्याला टेकलेला केशरी सूर्य. खुब्याचं हाड मोडल्यावर आण्णांना पलूसहून सांगलीच्या फ्लॅटवर आणलं, तर खिडकीतून दिसायची शेजारच्या बिल्डिंगची भिंत. म्हाताऱ्याला जरा मोकळं वाटावं म्हणून मोबाइलवर बघून ती तैलरंग शिकली आणि चित्र पुरतं वाळायच्या आत, परवा संध्याकाळी, टांगलंसुद्धा. दिवस बुडाल्यावर अन्नपाणी घ्यायचं नाही, हा नेम आण्णांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता. ती स्वतःही तोच पाळायची. पण सूर्यास्त रंगवायला सोपा, असं व्हिडिओतली बाई म्हणाली होती, आणि हाड मोडल्यापासून भ्रमिष्ट झालेले आण्णा चित्रालाच खिडकी समजतील, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काढून टाक ते," जयपाल म्हणाला. नवऱ्याला हळदीच्या सौद्याची घाई होती.

चित्र काढलं. आण्णांनी कोऱ्या भिंतीकडे बघितलं. "आता तर पार रात झाली," म्हणाले आणि गोळीसकट पाणी परत केलं.

डॉक्टरांनी घरीच सलाईन लावलं. आण्णांनी सुई उपसली. "रातीचं शिरंतनं बी न्हाई!"

"पोटात काही गेलं नाही, तर हे फार टिकायचे नाहीत," डॉक्टर दाराबाहेर हळूच म्हणाले.

गुणमालेनं चित्र परत टांगलं आणि स्टुलावर चढली. सुरीनं सूर्य खरवडला, वीतभर वर काढला. ओल्या केशरीवर निळा गेला आणि आभाळाला बुरशी आल्यासारखं झालं.

"आभाळ लय भरून आलंय," आण्णा पुटपुटले. त्यांचे ओठ कोरडे पडून चिरले होते. "दिवस हाय का न्हाई कळंना. मग खाऊ न्हाई."

मग उगवतच करावी! तिनं जयपालला फोन लावला. "आवं, उगवतीचा सूर्य कसा दिसतो?"

"मला काय इचारतीस? उगवतो तवा मी झोपलेला, मावळतो तवा दुकानात."

तिनं आपल्या मनानं गुलाबी रंग फासला, पाखरं काठावरून उठवली. "आण्णा, उगवला बघा."

आण्णांनी हात जोडले. "उगवला खरा. आता दोन घटका जाऊ देत, मग आण."

उगवल्यावर पाऊण तास थांबायचं, हाही नेम होताच. ती ताट झाकून बसली. दोन घटका गेल्या, दुपार गेली.

"खावा की आता."

"अगं, अजून तिथंच हाय त्यो," आण्णा म्हणाले. आवाज आता जेमतेम येत होता.

तिनं फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि सूर्यच पुसला. डोळ्यांतलं पाणी बाहीनं निपटत सगळ्या तळ्यावर पांढरं, भगभगीत ऊन ओतलं.

"सूर्य कुठं गेला?"

"डोक्यावर आलाय, आण्णा. त्यानं दिसत न्हाई."

आण्णांनी तळ्यावरचं ऊन निरखलं. "मग इतका उशीर मला उपाशी ठेवलीस व्हय गं?"

ते जेवले. चमच्या-चमच्यानं खिचडी संपवली, वर ताक मागितलं. तेवढ्यात जयपाल आला. त्यानं वाटी बघितली, मग घड्याळ.

"अगं, साडेसात वाजल्यात! दिवस बुडून गेला. त्यांचा जन्माचा नेम..."

गुणमालेनं ताकाचा पेला खाली ठेवला.

"काय म्हणतोय त्यो?" आण्णांनी विचारलं.

"काय न्हाई, आण्णा."

"तू जेवलीस का?"

"न्हाई."

"मग बस की माझ्यासमोर. दिवस हाय तवर उरकून घे."

गुणमालेनं पांढऱ्या रंगानं माखलेले हात धुतले, ताट वाढून घेतलं, खिडकीकडे पाठ करून बसली आणि पहिला घास तोंडात घातला.