झाकण लावलं की मुकं

"मुंगी आत जाणार नाही," सासरे डब्यावर टिचकी मारत म्हणाले, "आणि मुंगीच काय, मुंगीचा विचारसुद्धा!"

जावई मनापासून हसला. नोकरी सोडून तो घरी मायक्रोकंट्रोलरच्या चिपांशी खेळत बसला, तेव्हापासून सासऱ्यांनी त्याच्याशी केलेलं हे सगळ्यात लांबलचक बोलणं होतं. एरवी जोडण्या करून बघायच्या ब्रेडबोर्डात खोचलेल्या रंगीबेरंगी वायरी बघून ते लेकीला एवढंच विचारत, "हा गुंता कधी सुटणार?" प्रश्न वायरींबद्दल नसायचा, हे जावयालाही कळायचं.

पण आता एक आइस्क्रीमचा कारखानदार गळाला लागला होता. त्याच्या शीतगृहातली थंडी कमी झाली, की फोनवर लगेच निरोप धाडणारं यंत्र जावयाने बनवलं होतं. कारखानदाराला ते आवडलं, पण तो म्हणाला, "हे असं उघडंवाघडं माझ्याकडे दोन दिवस टिकायचं नाही. पाणी उडतं, क्रेट आपटतात. दणकट डब्यात घालून आणा, सगळ्या खोल्यांना लावू." ही पहिलीच मोठी ऑर्डर होती. पत्र्याच्या कामात उभा जन्म गेलेल्या सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या आणि जाड स्टीलचा डबा घडवला. थंडी मोजणाऱ्या वायरीपुरतं एक भोक ठेवलं, तेही रबर ठासून बंद केलं.

जावयाने यंत्र आत बसवलं. झाकण उघडं असलं, की निरोप धडाधड येत. झाकण लावलं, की यंत्र मुकं. दोष शोधायला झाकण उघडावं, तर स्वारी पुन्हा ठणठणीत! डॉक्टरच्या दारात पोचताच ताप उतरणाऱ्या पोराचीच गत. त्याने बॅटरी बदलली, बोर्डावरचे सगळे जोड पुन्हा डाख देऊन पक्के केले, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. यंत्र वायफायवर बोलत होतं, आणि सासऱ्यांचं स्टील वायफायला बाहेर सोडत नव्हतं.

"बाबांना सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"काय सांगू? मामा, तुमच्या डब्यात वाईट काहीच नाही, फक्त तो डबा नको?"

"निदान एक भोक तरी पाडून मागा."

त्याने मागून पाहिलं. "भोक?" सासऱ्यांनी डबा पोटाशी धरला. "आणि पाणी गेलं आत म्हणजे? जावयासाठी सासऱ्याने चाळणी केली म्हणतील लोक!" विषय तिथेच संपला.

मग जावयाने झाकणाखाली गुपचूप पुठ्ठ्याची घडी सरकवली. फटीतून निरोप येऊ लागले आणि त्याचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी सासऱ्यांना झाकण तिरकं दिसलं. आपलं झाकण आणि तिरकं! त्यांनी पुठ्ठा फेकला आणि कडा घासून बसत्या केल्या. जावयाने स्क्रू सैल केले; सासऱ्यांनी ते आवळून वर आणखी चार ठोकले. जावयाने झाकणाखालची रबरी पट्टी लपवली, तर सासऱ्यांनी दुप्पट जाड पट्टी आणून बसवली. दोघेही एकमेकांना काही बोलत नव्हते आणि डबा दिवसेंदिवस पक्का होत चालला होता.

शेवटी जावयाने ठरवलं, की कारखान्यात आतली जोडणी दाखवायच्या निमित्ताने झाकण उघडंच ठेवायचं. पण त्या दिवशी सासरेही बरोबर निघाले. वाटेत त्यांनी डबा मांडीवर घेऊन सगळे स्क्रू पिळले आणि पेचकस स्वतःच्या खिशात घातला.

कारखानदाराने डबा शीतगृहातल्या फळीवर ठेवला आणि थंडी कमी व्हावी म्हणून दार सताड उघडलं. "येऊ द्या निरोप."

सगळे त्याच्या फोनकडे बघत उभे राहिले. फोन हूं की चूं करीना. दाराजवळच्या आइस्क्रीमच्या डब्यांवरचं हिम ओघळायला लागलं.

"अजून किती वेळ? माझा माल पातळ व्हायला लागला!"

"येईल... येईल आता," जावई डब्याकडे बघत पुटपुटला.

"अहो, खेळणी ती खेळणीच," कारखानदाराने दाराला हात घातला. "असल्या छंदातून कारखान्याची यंत्रं होत नसतात."

जावयाने मान खाली घातली. सासऱ्यांच्या मनातलं नेमकं हेच कुणीतरी मोठ्याने बोललं, असं त्याला वाटलं.

"थांबा!" सासरे पुढे झाले. "यंत्रात खोट नाही. ह्यांचं काम मी रोज बघतो, एक जोड कच्चा नसतो. खोट असलीच, तर डब्यात असेल. डबा मी केलाय."

जावई त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याला भरून आलं. सासऱ्यांनी पेचकस काढला आणि खाली मान घालून एकेक स्क्रू फिरवू लागले. झाकण निघालं मात्र, फोन वाजला. मग पुन्हा, मग पुन्हा. आत कोंडलेले सगळे निरोप एकामागोमाग एक बाहेर पडले.

"अहो, खरंच डब्यातच होती की खोट!" कारखानदार म्हणाला.

सासरे झाकण हातात घेऊन तसेच उभे. आनंद मानावा की अपमान, हे त्यांना ठरवता येईना.

"अँटेनापुरतं एक भोक पाडलं, की झालं," जावई हळूच म्हणाला.

"मग पाडा, आणि सगळ्या खोल्यांसाठी आणा," कारखानदाराने दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर डबा पुन्हा सासऱ्यांच्या मांडीवर होता.

"मी आपलं तुमची बाजू सावरायला बोललो हो," सासरे म्हणाले. "डब्यात खरंच काही असेल, असं स्वप्नातही नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पहिल्यांदाच माझ्या टेबलाशी येऊन बसला होतात, मामा. उठून जाल असं वाटलं."

सासरे खिडकीबाहेर बघू लागले. "तो पुठ्ठा तुमचा?"

"हो."

"आणि स्क्रू?"

"तेही मीच."

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. जावई घाबरला. मग त्याच्या लक्षात आलं, की ते हसताहेत.

घरी लेक दारातच उभी होती. "काय झालं? झाकण लावून चाललं का?"

"यंत्र उत्तम आहे," सासरे म्हणाले.

"डबाही उत्तम," जावई म्हणाला.

"कारखानदाराचा फोनच जुना आहे!" दोघे एकदम म्हणाले.

तिला डब्याचं सगळं ठाऊक होतं. पण लग्नानंतर पहिल्यांदाच ह्या दोघांचं एकमत झालेलं बघून तिने पुढे काही विचारलं नाही.