आधी हात कोणी वर करायचा?

"माझ्या स्वयंपाकघरात सांडलेला थेंब दाखवा, मिशी उतरवून देईन!" असं अक्का म्हणायच्या. मिशी यजमानांची, त्यामुळे बोलायला अक्कांचं काय जात होतं!

मागच्याच खेपेला मात्र खिडकीतून जेवणघरात देताना पातेलं धाकट्या जाऊबाईंच्या पायावर पालथं झालं होतं. आणि आज सूनबाईचे साहेब जेवायला यायचे होते! सूनबाई चिप बनवणाऱ्या कंपनीत. तिला टीमची प्रमुख करायचं की नाही, हे साहेबांच्या हातात.

"तुमच्या चिपमध्ये सांडत नाही काही?" अक्कांनी विचारलं.

"नाही आई. देणारा 'माल तयार' अशी खूण करतो, घेणारा 'मी मोकळा' अशी. चिपमधल्या घड्याळाचा ठोका पडताना दोन्ही खुणा वर असल्या, तरच माहिती इकडची तिकडे जाते. फक्त एक लक्षात ठेवा, देणाऱ्याने..."

"पुरे! शाळा सोडली म्हणून हात वर करायला विसरले नाही मी!"

झालं! देणाऱ्या अक्का, घेणाऱ्या जाऊबाई. ठोके द्यायला यजमान, हातात पेला आणि चमचा.

साहेब ताटावर बसले. टण्!

"अक्का, हात वर करा की."

"आधी तू कर. तुझे हात मोकळे दिसल्याशिवाय मी कशी करू?"

"पाय माझा भाजला होता! माल तयार दिसल्याशिवाय मी नाही करायची."

टण्!

"मी थोरली आहे!"

"म्हणून तर आधी तुम्ही!"

टण्! टण्! भाजीची वाफ विरली. साहेब दर ठोक्याला दचकून रिकाम्या ताटात बघू लागले.

सूनबाई धावत आली. "आई, देणाऱ्याने वाट बघायचीच नाही! माल असला की हात वर. नाहीतर दोघं जन्मभर उभे! हेच तर सांगत होते!"

अक्कांचा हात आजवर कुणापुढे आधी वर गेला नव्हता. तो गेला, मणाचं ओझं उचलल्यासारखा. जाऊबाईंचाही गेला. दोघी पोलिसांनी पकडल्यासारख्या उभ्या, आणि ठोकाच पडेना!

यजमान त्याच चमच्याने कोशिंबीर खात होते. "भूक लागली गं!"

सूनबाईने चमचा हिसकावला. टण्! पातेलं अलगद पलीकडे. थेंब नाही सांडला!

साहेब पोट धरून हसले. "टीम तुमचीच! या दोघींना जी हलवते, तिच्यापुढे आमचे इंजिनिअर म्हणजे गरीब गाय!"

"बघा, माझ्यामुळे मिळालं हो!" अक्कांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं. नेमकं कशामुळे, ते भांडी घासताना ध्यानात आलं, आणि घासणी हातातच राहिली.